एक बोट उजवीकडे

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळे ओळंबा म्हणतात. लिफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. तिथे कुणीतरी ठेवलेलं हे नाव निरोपाच्या दिवशी मिळालेल्या घड्याळाबरोबर ते घरी घेऊन आले. घड्याळ बंद पडलं, नाव चालू आहे.

नाव ठेवणाऱ्याने त्यांची एकच बाजू पाहिली असावी. यांच्या खिशात कायम पितळेचा ओळंबा आणि गुंडाळलेली दोरी असते. कुणाच्या घरी गेले की खुर्चीवर टेकायच्या आधी दाराची चौकट तपासतात. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा म्हणाले, "तुमचं दार तीन मिलिमीटर झुकलंय. घाबरू नका, आपला चहा होईपर्यंत पडणार नाही." पण ओळंबा दोरीला लावून सोडला की थोडा वेळ झुलतो आणि मग गप्प उभा राहतो. आमचा हा ओळंबा गप्प राहत नाही. बसले की उजवा पाय हलतो, पायाबरोबर टेबल, टेबलाबरोबर कपबशा. उभे राहिले की येरझारा. निवृत्त झाल्यापासून पाच महिन्यांत त्यांनी घरातली प्रत्येक बिजागरी काढून पुन्हा बसवली होती, आणि फ्रिजचं दार आता उलट्या बाजूने उघडतं.

वहिनी याच्या बरोब्बर उलट. त्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतात. बाटलीतलं पाणी, त्यात थेंब, रंग, आकडा, वही. एका वाचनावर, म्हणजे एकदाच मोजून आलेल्या आकड्यावर, त्यांचा विश्वास नाही. तीन वेळा सारखं आलं तर खरं, एरवी अंदाज. घरात कुणाला ताप आला तर तोही तीनदा यावा लागतो. लग्नाआधी ओळंबा त्यांना भेटायला तीन वेळा गेले होते, आणि तिन्ही वेळा सारखेच अस्वस्थ होते. "वाचन स्थिर आहे," असं म्हणून वहिनींनी होकार दिला, हे त्या स्वतःच सांगतात. ओळंबा तेव्हा छताकडे बघतात.

तर या वहिनींची बदली झाली. बढतीवर. वरच्या धरणाच्या प्रयोगशाळेची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे आली. ही गोष्ट चांगली. पण धरण अडतीस किलोमीटर मोठा रस्ता आणि त्यापुढे सात किलोमीटर दगडधोंडे, अशा ठिकाणी. बस फाट्यापर्यंतच जाते. वरच्या सात किलोमीटरला रस्ता म्हणणं हा निव्वळ सरकारी आशावाद. तिथे काम करणारे सगळे तिथेच राहतात आणि शनिवारी घरी येतात. वहिनींसाठीही खोली ठरली. एक खाट, एक खिडकी, खिडकीत पाणी. निवृत्तीपर्यंत चार वर्षं.

"शनिवारी येईनच की," वहिनी म्हणाल्या.

"शनिवारी!" ओळंब्याचा पाय थांबला. तो थांबला की समजायचं, मामला गंभीर आहे. "मी सोडीन रोज. मी आणीन रोज."

"कशाने?"

"तुझ्या वडिलांच्या गाडीने."

वडिलांची गाडी म्हणजे मागे अंगणात ताडपत्रीखाली झोपलेली, चारही चाकांना जोर पोचणारी, पत्र्याची जुनी डोंगरगाडी. वरच्या सात किलोमीटरला ती बोकडासारखी चढायची, आणि खालच्या अडतीस किलोमीटरलाही बोकडासारखीच चालायची. कधी इकडे ओढ, कधी तिकडे धाव. चार वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्यावर ताशी साठच्या वेगाला तिचं तोंड असं काही थरथरायला लागलं, की वहिनींनी गाडी थांबवायला लावली. "तुम्ही या सावकाश," असं म्हणून त्या उतरल्या आणि मागून आलेल्या बसने घरी आल्या. तेव्हापासून त्यांनी त्या गाडीत पाय ठेवलेला नव्हता.

"सरळ रस्त्यावर, हात सैल सोडून, स्टिअरिंग सरळ राहिलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "तीन वाचनं. तोवर मी बसणार नाही. रुजू व्हायच्या तारखेपर्यंत जमलं तर रोज घरी येईन. नाही जमलं तर खोली आहेच."

तारीख होती पुढच्या-पुढच्या महिन्याची एक. हातात आठ आठवडे.

त्या आठ आठवड्यांत ओळंब्याने जे केलं ते एका वाक्यात सांगायचं तर, त्यांनी गाडीचा पुढचा जबडा बदलला. जुन्या गाडीला पुढे लोखंडी पाटे होते, एकावर एक रचलेले. अ‍ॅक्सलवर गाडीचं वजन तेच झेलणार आणि अ‍ॅक्सलला जागेवर तेच धरून ठेवणार. एका नोकराला दोन खात्यांची कामं. पाटे म्हातारे झाले की दोन्ही खाती बोंबलतात. ओळंब्याने ठरवलं की वजन गोल स्प्रिंगांनी झेलायचं, आणि धरायचं काम दांड्यांनी करायचं. खाली दोन लांब दांडे, वर एक, आणि अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे घसरू नये म्हणून एक आडवा. सगळ्यांच्या टोकाला रबरी बुश लावलेले, म्हणजे दगडावर अ‍ॅक्सल हवी तशी वाकडी-तिकडी होईल, आणि मोठ्या रस्त्यावर खडखडाट कानापर्यंत येणार नाही.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि मी तसं बोललोही. त्यानंतर सव्वा तास मी त्यांच्या घरातल्या बोळात उभा होतो. तिथल्या भिंतीवर त्यांनी गाडीचा पुढचा भाग प्रत्यक्ष मापात पेन्सिलीने काढला होता. चाक वर जाताना कुठला दांडा कुठे जातो ते समजावं म्हणून टाचणीला दोरा बांधून कंस काढले होते. पुरेसे वाटेनात तेव्हा लाकडी दांडे लावून पाहिले.

"पडदे का खाली पडलेत?" वहिनींनी कामावरून आल्या आल्या विचारलं.

"पडदे आहेत. त्यांचे दांडे भिंतीवरच्या अ‍ॅक्सलला वापरले."

खरी मेख होती दोन दांड्यांत. एक हा नवा आडवा दांडा, दुसरा स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा. "हे दोघं सारख्या लांबीचे, सारख्या उताराचे पाहिजेत," ओळंबा भिंतीवर बोट फिरवत म्हणाले. "मग चाक खड्ड्यात जावो नाही तर दगडावर चढो, दोघं बरोबर हलतात. जरा फरक पडला की एक ओढतो, दुसरा सोडत नाही, आणि त्यांच्या भांडणात चाकं वळतात. तुम्ही स्टिअरिंगला हात लावलेला नसतो, आणि गाडी आपली चालली!"

"हे मला नका समजावू," वहिनी आतून म्हणाल्या. "तेहतीस वर्षांचा अनुभव आहे."

आणि नेमकं तिथेच इंजिनाच्या तेलाचं भांडं आडवं आलं. जिथून आडवा दांडा जायला हवा तिथे ते पोट पुढे काढून बसलेलं. ओळंब्याने तीन दिवस त्या भांड्याशी भिंतीवर कुस्ती केली. शेवटी दांडा सहा सेंटीमीटर आखूड घ्यावा लागला, आणि उतारही किंचित निराळा. म्हणजे त्या दोन दांड्यांचं पूर्ण जुळणार ते एका ठरावीक उंचीवर. गाडी त्या उंचीला उभी असेल तेव्हा स्टिअरिंग सरळ. बोटभर वर-खाली झाली की ते किंचित फिरलेलं.

"मग ती उंची नीट पकडायची. संपलं," ओळंबा म्हणाले. हे वाक्य त्यांनी दिवसातून चाळीस वेळा म्हटलं असेल, त्यामुळे ते संपलेलं नाही हे मला समजत होतं.

वेल्डिंगचं काम मामांच्या गॅरेजमध्ये चाललं. मामा म्हणजे कुणाचे मामा, हे कुणालाच माहीत नाही. बोलणं मोजकं, झाळणं पक्कं. गॅरेजची फरशी ते दिवसातून दोनदा स्वतः झाडतात आणि तिच्यावर तेलाचा थेंब पाडणाऱ्याकडे असं बघतात, की पुढचा थेंब माणूस हातावर झेलतो.

उंची पकडण्याचा दिवस मला चांगला आठवतो, कारण मी त्या दिवशी वजन होतो. "रिकाम्या लिफ्टचं माप कुणी घेतं का?" ओळंबा म्हणाले. "भार भरायचा, मग माप घ्यायचं." त्यांना स्वतःला गाडीखाली झोपायचं होतं, म्हणून चालक म्हणून मला बसवलं. आम्ही दोघं सारख्या वजनाचे. माझ्या डावीकडे सीट अजून यायची होती. तिच्या जागी वाळूची दोन पोती ठेवली. ती मामांच्या काट्यावर तोलताना ओळंबा ओंजळीने वाळू काढत होते, परत घालत होते, पुन्हा चिमूटभर काढत होते. लग्नाचे दागिने करणाऱ्यानेही एवढा जीव टाकला नसता. अठ्ठावन्न किलोवर काटा थांबला तेव्हा त्यांनी हात झटकले. अठ्ठावन्नच का, हे मी विचारलं नाही. मामांनी तर नाहीच. बरोबर आणलेल्या कागदी नकाशाच्या कोपऱ्यात ओळंब्याने सुंदर अक्षरात टीप लिहिली: सर्व मापे भारासह.

दोऱ्या ताणल्या, मापं घेतली, दांडे झाळले. स्टिअरिंगची आडवी पट्टी दोरीला समांतर. सरळ म्हणजे सरळ. ओळंबा गाडीखालून बाहेर आले आणि त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा असं काही दिसलं, की आता हा माणूस बसेल.

सीट आली. निळी, मऊ, पाठीला उंच. ओळंब्याने ती बसवून घेतली, पण वरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. मी सवयीने तिकडे चढायला गेलो तर हात आडवा आला.

"मागे बसा."

"का? पुढे सीट आहे की."

"तिथे पहिल्यांदा ती बसणार," ओळंबा म्हणाले आणि लगेच टायरला लाथ मारून हवा बघायला लागले. साठीच्या माणसाला असं काही बोलल्यावर टायरची हवा बघावीच लागते.

मी मागे बसलो. एक तारखेला चौदा दिवस उरले होते.

गाडी रस्त्याला लागली आणि मी थक्क झालो. साठ झाले, सत्तर झाले, ऐंशी झाले. ना थरथर, ना ओढ. जुना बोकड पार गाय झाला होता. मी मागून टाळ्या वाजवल्या. पण ओळंब्याने हात सैल सोडले होते आणि ते स्टिअरिंगकडे बघत होते. आडवी पट्टी सरळ नव्हती. एक बोट उजवीकडे.

"एवढंसं तर आहे," मी म्हणालो.

"एवढंसं!" ते म्हणाले. "तिच्या वहीत एवढंसं नावाचा आकडा नसतो."

परत मामांकडे. पोती गाडीत, मी चालकाच्या जागी, दोऱ्या ताणल्या. सरळ. पोती खाली, गाडी रस्त्यावर. एक बोट उजवीकडे. परत मामांकडे. पोती, मी, दोऱ्या. सरळ. रस्त्यावर, एक बोट. ती पोती दर वेळी मीच चढवली आणि मीच उतरवली हे इथे कबूल केलेलं बरं. ती उतरवायची हा मामांचा दंडक होता. "वाळू रस्त्यावर न्यायची नाही, येताना सांडते," असं एकदा ते फरशीकडे बघत म्हणाले, आणि विषय मिटला. मागाहून मामांनी आणखी एक वाक्य खर्च केलं.

"साहेब, त्या दांड्याला आटे आहेत. अर्धा आटा फिरवा. पट्टी सरळ होईल."

"कारण कळल्याशिवाय?" ओळंबा उसळले. "म्हणजे ताप आला की थर्मामीटर झटकून ठेवायचा!"

मामांनी पाना खाली ठेवला आणि झाडू उचलला.

पुढचे दिवस मी ओळंब्याला बसलेलं पाहिलं नाही. त्यांनी चाकं डावीची उजवीकडे घातली. एक बोट. बुश बदलले. एक बोट. टायरची हवा सकाळी थंड असताना मोजली, दुपारी गरम असताना मोजली. मग संशय रस्त्यावर गेला. रस्ताच एका अंगाला कलता असेल, म्हणून तोच रस्ता उलट दिशेने पार केला. बोट उजवीकडेच. तरी समाधान होईना. भर अकराच्या उन्हात हा गृहस्थ मोठ्या रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून, फळीवर ओळंबा लावून रस्त्याचा कल मोजत बसला. एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने खाली वाकून विचारलं, "काका, काही हरवलंय का?"

"अर्धा मिलिमीटर," ओळंबा मान वर न करता म्हणाले.

ट्रकवाला बिचारा उतरून शोधायला लागला होता. मी त्याला परत चढवला.

घरात वहिनी आवराआवर करत होत्या. आधी एक पिशवी दाराशी आली, मग दोन, मग वळकटी. वळकटी बोळात त्या भिंतीशी टेकवून ठेवली होती, पेन्सिलीच्या कंसांच्या बरोब्बर खाली. ओळंबा येता-जाता तिला वळसा घालून जात. एकदा मी बघत असताना त्यांनी ती उचलली आणि दाराआड ठेवली. दहा मिनिटांनी वहिनींनी ती परत जागेवर आणून ठेवली. जेवताना ओळंब्याचे आता दोन्ही पाय हलत होते, आणि वहिनी आमटीची वाटी हातात धरून जेवत होत्या.

महिन्याचा शेवटचा दिवस रविवार होता. सकाळी मी गेलो तेव्हा ओळंबा पुन्हा गाडी खोलायला निघाले होते.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "वही आणा तुमची."

"कसली?"

"इतके दिवस मोजताय ते कशात लिहिलंत? भिंतीवर?"

वही होतीच. ओळंब्याने ती दिली, शाळेत प्रगतिपुस्तक देतात तशी. वहिनींनी चष्मा लावला. पानं उलटली. तारीख, वेग, हवा, बुश, पट्टीचा कल. सगळं मोत्यासारख्या अक्षरात.

"परिस्थितीचा रकाना कुठाय?"

"कसली परिस्थिती?"

"नमुना कुठे घेतला, कुणी घेतला, कशात घेतला. पाणी तेच असतं हो, बाटली बदलली की आकडा बदलतो." त्यांनी पेन काढलं आणि समासात उभी रेघ मारली. "गॅरेजमध्ये सरळ येतं. तेव्हा गाडीत कोण असतं?"

"मी," मी म्हणालो. "चालकाच्या जागी."

"शेजारी?"

"शेजारी पोती. वाळूची."

"रस्त्यावर?"

"रस्त्यावर हे चालवतात. मी मागे, माझं वजन मागच्या चाकांवर."

"शेजारी?"

"कुणी नाही. तिथे प्लास्टिक आहे."

टेबल हलायचं थांबलं. आधी मला वाटलं, वहिनींनी कपबशी धरली म्हणून. पण त्यांचे दोन्ही हात वहीवर होते. ओळंबा समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडाचा रंग वहिनींच्या बाटल्यांत थेंब पडल्यावर बदलतो तसा बदलत होता. छत्तीस वर्षं या माणसाने लिफ्टची वजनं तोलली. भरलेल्या लिफ्टचं माप घेऊन ती रिकामी चालवायची आणि मग सहा महिने बिजागऱ्या तपासायच्या, असा गाढवपणा खात्यातल्या कुणी केला असता तर त्याला यांनी नकाशात गुंडाळून बाहेर पाठवला असता.

"पोती किती वजनाची?" वहिनींनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्नच का?"

ओळंबा छताकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"हा आकडा तुम्हाला कुणी दिला?"

"तुझ्या ऑफिसच्या आरोग्य तपासणीचं कार्ड होतं. कपाटात."

"ते सहा वर्षांपूर्वीचं आहे."

"मग आता किती?" ओळंब्याच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे स्प्रिंगच्या हिशेबाने..."

"अहो, पुढचा शब्द बोलू नका."

ओळंबा ताडकन उठले. "आत्ता जातो. पोती गाडीत टाकतो, रस्त्यावर नेतो, तीन वाचनं घेऊन येतो. दुपारपर्यंत तुझ्यासमोर..."

"वाळूचं वाचन मला चालणार नाही."

"का?"

"नमुना मूळचा लागतो." वहिनींनी वही मिटली. "उद्या जाताना मीच घेईन. अडतीस किलोमीटर आहेत, तीन वाचनं सहज होतील. वळकटी मागे टाका. एक जरी वाकडं आलं तर वर गेल्यावर ती खाली उतरेल."

ती दुपार ओळंब्याने कशी काढली ते माझं मला माहीत. दोनदा ते कुंपणाशी आले. पहिल्यांदा नुसतेच उभे राहिले आणि गेले. दुसऱ्यांदा आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं, साठ असेल? की बासष्ट? दोन किलोला फार फरक पडत नाही. पण पाचला..."

"ओळंबेसाहेब," मी म्हणालो, "मला या गल्लीत अजून राहायचंय."

सकाळी सातला गाडी दाराशी उभी होती. मी आपला हात हलवून निरोप द्यायला आलो होतो. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही कुठे चाललात? चढा मागे. परिस्थिती बदलायला नको." मी वळकटीशेजारी बसलो. वहिनींनी निळ्या सीटवरचं प्लास्टिक एका ओढीत टरकावलं, घडी करून माझ्याकडे दिलं आणि बसल्या. गाडी जराशी खाली झाली. ओळंब्याने डोळे मिटले, उघडले, आणि गाडी सुरू केली.

गाव मागे पडलं. मोठा रस्ता लागला, साठ झाले.

"हात सैल करा," वहिनी म्हणाल्या.

स्टिअरिंगच्या मागे चिकटपट्टीचा तुकडा लावून ओळंब्याने खूण केली होती. मी मागून मान पुढे काढली. पट्टी खुणेवर. सरळ. वहिनींनी वहीत लिहिलं. ओळंब्याने श्वास सोडला तो मला मागे वाऱ्यासारखा लागला.

बारा किलोमीटरनंतर पुन्हा. "हात सैल." पट्टी हलली. केसभर उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. ओळंब्याच्या मानेवर घाम आला.

"आलं," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "आलं वाकडं. पाच किलो असणार. मी म्हणत होतो..."

"पाय," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"पाय हलतोय तुमचा. गुडघा लागतोय स्टिअरिंगला. हे वाचन धरत नाही. नमुना ढवळलेला आहे."

पाय हलवू नये म्हणून ओळंब्याने केलेली धडपड मी आयुष्यात विसरणार नाही. पायाऐवजी त्यांचा जबडा हलत होता. वहिनींनी शांतपणे एक हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, बाटलीचं बूच दाबून धरावं तसा. तिकडे बघितलंसुद्धा नाही. बघत होत्या खुणेकडे. दोन किलोमीटर तसेच गेले.

"सरळ," त्या म्हणाल्या आणि लिहिलं. हात काढायला जरा वेळ लावला.

आता तिसरं. मी रस्त्याकडे बघत होतो. तिसावा दगड गेला, बत्तिसावा गेला. पस्तिसाव्याला ओळंब्याने तिरकं पाहिलं. वहिनी बाहेर बघत होत्या. सदतिसाव्याला ते खाकरले. फाटा दिसायला लागला.

"अगं, तिसरं..."

"समोर बघा. वळण आहे."

गाडी वळली, आणि दगडधोंडे सुरू झाले, तेव्हा वाचन कसलं आणि काय. पण काय सांगू, गाडी काय चढली! डावं चाक हातभर वर, उजवं खड्ड्यात, अ‍ॅक्सल तिरपी, आणि आम्ही मात्र बसल्या जागी. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसलं की वहिनींचं डोकं या रस्त्याला छतावर आपटायचं, असं त्या सांगतात. सवयीने त्यांनी डोक्यावर हात धरला होता. तिसऱ्या किलोमीटरला तो खाली आला. ओळंब्याचं मात्र याकडे लक्ष नव्हतं. एवढे दांडे, एवढे बुश, दोन महिन्यांची भिंत, सगळं खाली नाचत होतं, आणि ते आरशातून वळकटीकडे बघत होते.

धरण आलं. बैठी प्रयोगशाळा, तिच्या अंगाला खोल्यांची रांग. राखणदार लगबगीने पुढे आला.

"बाई, खोली झाडून ठेवलीय. सामान घेतो."

मी वळकटीला हात घातला आणि तसाच थांबलो. ओळंबा गाडीतून उतरले नव्हते. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, गाडी बंद असतानाही.

वहिनी उतरल्या. साडी झटकली, पिशवी घेतली. दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"ते असू दे गाडीत," त्या राखणदाराला म्हणाल्या. "खोलीत रिकाम्या बाटल्या ठेवा. इथे त्यांना जागा नाही दिसत." मग ओळंब्याच्या हातात वही दिली. "साडेपाचला सुटते मी."

त्या आत गेल्यावर ओळंब्याने वही उघडली. मी मागून वाचलं. पहिलं वाचन, सरळ. दुसरं वाचन, सरळ. परिस्थिती: दोन्ही वेळा मी हजर. तिसऱ्याच्या पुढे वहिनींच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: परतीच्या वाटेवर.

येताना मला पुढे बसायला मिळेल असं वाटलं होतं. मिळालं नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी मागून खुणेकडे पाहिलं. एक बोट उजवीकडे. ओळंबाही बघत होते, आणि शीळ घालत होते.

मामा गॅरेजच्या दारात झाडू घेऊन उभे होते. "झालं?"

"दोन झाली. तिसरं संध्याकाळी."

मामांनी आत डोकावून पट्टीकडे पाहिलं आणि पाना उचलला. "अर्धा आटा फिरवू?"

"हात लावू नका!" ओळंबा ओरडले.

तेव्हा साडेनऊ वाजले होते. अकराला ते अंगणात गाडी पुसत होते. बाराला टायरची हवा पाहिली. दोनला कुंपणाशी येऊन म्हणाले, "निघावं म्हणतो. रस्त्यात काही आडवं आलं तर?"

"साडेपाचला सुटतात त्या. रस्ता सव्वा तासाचा आहे."

"हो ना," ते म्हणाले. "तरी पण."

आणि निघालेसुद्धा. या गोष्टीला आता पाच महिने झाले. वळकटी अजून गाडीतच आहे, मी तिला टेकून बसतो. परवा वही दिसली म्हणून चाळली. रोजची दोन वाचनं मांडलेली आहेत. तिसऱ्याच्या पुढे अजून तेच लिहिलेलं असतं, आणि ओळंबा अजून दोनलाच निघतात.